धर्मशाळेच्या कौलांवरची कबुतरं

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर असा संतापला, की त्याने हातातली दाण्यांची टोपली गुरूच्या देखत टेकडीखाली भिरकावून दिली. शिष्याने गुरूवर संतापू नये, असं शास्त्र सांगतं. सांगू दे बापडं! पुढची हकीगत ऐकलीत की तुम्हीही म्हणाल, आपण असतो तर टोपलीच्या मागोमाग पाण्याची घागरही गेली असती.

त्या शिष्याचं नाव हैबती. राग सदा नाकाच्या शेंड्यावर. पण कबुतराचं पिल्लू उचलायची वेळ आली, की त्याच हैबतीचा हात इतका हलका होई, की आपल्याला कुणी उचललंय हे पिल्लाच्या ध्यानातही येऊ नये. त्याचे गुरू म्हणजे एक वृद्ध गृहस्थ. सगळी पेठ त्यांना बाबा म्हणे. नदीकाठच्या पेठेबाहेर एक टेकडी होती आणि टेकडीवर बाबांची ढाबळ होती, म्हणजे कबुतरांचं घर. मातीच्या जाड भिंती, भिंतींत कोनाडे, कोनाड्याकोनाड्यात जोड्या. तारा-टपालाच्या आधीचा तो काळ. दूरचा निरोप लवकर यावा असं ज्याला वाटे, तो बाबांकडे येई. हैबतीला घर असं दुसरं नव्हतंच. ढाबळीला टेकून असलेली झोपडी हेच त्याचं घर.

पेठेतल्या सर्वांत मोठ्या पेढीचे मालक, ज्यांना सगळे नुसतं शेट म्हणत, ते एकदा टेकडी चढून आले. टेकडीही त्यांच्याच मालकीची. त्यांच्या वडिलांनी बाबांना तिथे राहू दिलं होतं. घाटाखालच्या बंदरावर माल उतरला की तिथला भाव आपल्याला इतरांच्या आधी कळावा, अशी शेटची इच्छा होती. त्यांनी चांगली थोराड, उडती कबुतरं मागितली.

बाबा हसले. म्हणाले, "थोराड कबुतर नेऊन काय कराल, शेट? वर्षभर कोंडून ठेवा, सोन्याच्या वाटीत दाणा घाला. दार उघडलं की ते इकडे येईल. ज्या छपरावरून पिल्लाने पहिल्यांदा आभाळ बघितलं, ते त्याचं घर. मग त्याला कुठेही द्या, ओढ त्याच छपराची. तुम्हाला मी न उडालेली पिल्लं देतो. ती तुमच्या छपरावरून आभाळ बघतील."

तर पंख नुकते भरलेली, पण अजून एकदाही न उडालेली पिल्लं शेटच्या घरी गेली, आणि त्यांना तयार करायला हैबतीही गेला. शेटच्या माडीवर गच्ची होती. तिथे हैबतीने लाकडी ढाबळ उभारली. आत शिरायच्या भोकाला त्याने झुलत्या काड्या लावल्या. बाहेरून रेटा दिला की काड्या आत जातात, आतून जात नाहीत. आधी त्याने पिल्लांना जाळीच्या खुराड्यात घालून गच्चीवर नुसतं ठेवून दिलं. नदी बघा, देवळाचा कळस बघा, समोरची धर्मशाळा बघा, आपलं छप्पर कुठलं ते डोळ्यांत भरून घ्या. मग एका शांत दुपारी, पोटं रिकामी असताना, दार उघडलं. पिल्लं बावरत वर गेली, वेडीवाकडी घिरटी घातली. हैबतीने करवंटीत ज्वारी खुळखुळवली आणि हाक दिली, "आss आ आ आ!" पिल्लं धपाधप उतरली, काड्या ढकलून आत शिरली आणि दाण्यांवर तुटून पडली.

पुढे त्याने त्यांना पाटीत घालून वेशीपर्यंत नेलं आणि सोडलं, मग नदीच्या उतारापर्यंत, जिथून नाव पलीकडे जाते, मग खिंडीपर्यंत, मग घाटाच्या पायथ्याशी. प्रत्येक वेळी ती त्याच्या आधी घरी. एखादं रेंगाळे, एखादं ससाण्याला चुकवत लांबून वळसा घालून अंधार पडता पडता येई. हैबती त्याच्यासाठीही करवंटी घेऊन बसलेला असे. पाखरू आत गेलं, दाणा टिपला, पाणी प्यालं, कोनाड्यात जाऊन अंग फुगवून बसलं, की मगच तो हळूच हात घालून पायाला चिठ्ठीसाठी बांधलेला दोरा सोडी. असं का करायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने कुणाला सांगितलं नाही. बाबा तसं करत, म्हणून तो तसं करी.

त्याच दिवसांत शेटची मुलगी माहेरी आली. वेणू तिचं नाव. लग्न होऊन नदीपलीकडच्या गावी दिलेली, एकुलती एक. ती आली ती एकटी, हातात गाठोडं, पायांवर चालून चालून बसलेली धूळ. हैबती तेव्हा ओटीच्या कडेला ज्वारी निवडत बसला होता. शेट बैठकीवरून उठलेही नाहीत. तिथूनच त्यांनी सुरुवात केली, "एकटीच? गाडी कुठाय? सासऱ्यांना विचारून आलीस का? किती दिवस? काय भांडणबिंडण करून तर आली नाहीस ना? लोक विचारतील, त्यांना काय सांगू?"

पोरीच्या पायावर अजून पाणी पडलं नव्हतं हो! उंबऱ्याच्या बाहेर एक पाऊल, आत एक पाऊल. ती बापाकडे बघत म्हणाली, "काही नाही. कबुतरं आणलीत असं कळलं, म्हणून बघायला आले सहज."

तिची आई, शेटाणीबाई, माजघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्या घरात शेट बोलत असताना दुसऱ्या कुणी बोलायची रीत नव्हती.

संध्याकाळी वेणू गच्चीवर आली. एक पिल्लू उशिरा आलं होतं, पंखातलं पीस मोडलेलं. हैबती त्याला चुचकारत होता. तिने विचारलं, "हे उशिरा आलं तर तुम्ही रागावत नाही का त्याच्यावर?"

हैबतीला हसू आलं. "रागावून काय करू, ताई? आलं, हेच पुष्कळ."

वेणू कठड्याशी बराच वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी शेटने गाडी जोडून तिला परत पोचवलं. हैबतीला वाटलं, मोठ्या घरच्या गोष्टी, आपल्याला काय करायचंय. आणि तो आपल्या ज्वारीकडे वळला.

पाखरं तयार झाली. हैबती टेकडीवर परत आला. काही महिने गेले आणि एका बाजाराच्या दिवशी भर पेठेत, माणसांच्या गर्दीत, शेटने बाबांना गाठलं. सोबत दिवाणजी, त्यांच्या हातात रिकामी पाटी.

"या, या बुवा! पेठेला कळू द्या तुमची कीर्ती!" शेट ओरडले. "एकामागून एक सगळी पळाली. बंदराहून सोडली की गायब! आता एक उरलंय, तेही कोंडून ठेवलंय म्हणून. ठग आहात, गुरू आणि शिष्य दोघेही!"

हैबतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी पळाली? त्याची पिल्लं? घाटाच्या पायथ्यापासून त्याच्या आधी घरी येणारी? "नाचता येईना अंगण वाकडं!" तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, आणि नशीब, तेवढंच म्हणाला.

बाबा शांतपणे दिवाणजींना म्हणाले, "मी एक विचारू? पाखरं पहिल्यांदा निरोप घेऊन आली, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय केलं म्हणजे?" दिवाणजी छाती काढून म्हणाले. "धरली! कठड्यावर टेकली की जाळी टाकायचो. भाव कळायला हवा ना आधी! काही आत शिरत, त्यांना भोकातून हात घालून मानगुटीला धरून बाहेर काढायचो. आमच्यात हयगय नाही."

बाबा एवढंसं तोंड करून उभे राहिले. मग साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेट, चूक माझी आहे."

झालं! लोकांना एवढंच हवं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशांची पेठेत काय वाण! म्हातारा कबूल झाला, म्हाताऱ्याने फसवलं. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने तिथल्या तिथे आपण मागितलेली पिल्लं नकोत म्हणून सांगितलं. आणि शेटला चेव चढला. "कबूल ना? मग ऐका. पुढच्या बाजाराच्या आत माझी पाखरं माझ्या घरात आली पाहिजेत. नाहीतर टेकडी खाली करा. ढाबळ मी माणसं लावून मोडणार. ठगांना माझ्या जमिनीवर थारा नाही."

टोपली भिरकावली गेली ती त्या दुपारी, टेकडीवर पोचल्यावर.

"तुम्ही असं बोललातच कसं, बाबा?" हैबती ओरडला. "चोराच्या उलट्या बोंबा, आणि तुम्ही चोराचे पाय धुता? मी त्या पिल्लांना तोंडातून भिजले दाणे भरवले. मी जाणतो, त्यांच्यात खोट नाही. तुमच्यात नाही, माझ्यात नाही. मग तुम्ही चूक माझी म्हणालात कशाला? आता ढाबळ जाईल. ही सगळी पाखरं कुठे जातील? मी कुठे जाऊ?"

आणि टोपली गेली उतारावरून गडगडत. ज्वारी सगळ्या गवतात पसरली.

बाबा खाली वाकले आणि दाणे वेचू लागले. "राग बरोबर आहे रे तुझा," ते म्हणाले. "फक्त तो चुकीच्या दारात उभा आहे."

हे असलं गूढ बोलणं ऐकून तर हैबती आणखीच पेटला. तो तरातरा टेकडी उतरून नदीवर निघून गेला. पाण्यात दगड मारत बसला. आता परत जायचंच नाही, असं त्याने दहादा ठरवलं. दिवस कलल्यावर पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा तो वर आला. झोपडीचं दार उघडं होतं. बाबांनी त्याच्यापुढे भाकरी आणि पिठलं ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ते ढाबळीत निघून गेले. कुठे होतास, असंही विचारलं नाही.

सकाळी बाबा म्हणाले, "चल, शेटच्या घरी जाऊ. उरलेलं पाखरू सोडायला सांगू आणि काय होतं ते नुसतं बघू."

शेटने मोठ्या ऐटीत मान्य केलं. सुभाना नावाचा गडी पाखरू घेऊन नदीच्या उतारावर गेला. उरलेलं पाखरू म्हणजे एक मादी होती, पांढऱ्या पंखांची. हैबती तिला चांदणी म्हणायचा. सुभानाने तिला पाटीत घातलं तेव्हा ती हैबतीचा आवाज ऐकून मान वाकडी करून बघू लागली, आणि हैबतीला तिच्याकडे बघवेना.

गच्चीवर तर लढाईची तयारी! मधोमध खुर्ची टाकून शेट बसलेले, डोळ्यांवर हाताची सावली धरून. कठड्याशी दिवाणजी जाळी घेऊन. दुसरा एक गडी लांब काठी घेऊन. बाबा जिन्याच्या दाराशी खाली बसले, हैबती त्यांच्याजवळ.

फार वेळ लागला नाही. नदीच्या बाजूने एक ठिपका आला, मोठा झाला, ऊन लागून पंख चमकले.

"आली!" शेट खुर्चीवरून उडालेच. "आली, आली! दिवाणजी, सुटता कामा नये! ए, काठी आडवी घे! धरा!"

चांदणी पंख मिटून उतरली. तिची बोटं कठड्याला लागली न लागली तोच जाळी फडफडली. ती उसळून वर गेली. गच्चीवर एक घेर घातला, दुसरा घातला. खाली उतरू बघे आणि शेटची आरोळी ऐकून पुन्हा वर जाई. मग रस्ता ओलांडून ती समोरच्या धर्मशाळेच्या कौलांवर जाऊन बसली.

"बघितलंत?" शेट गरजले. "बघितलंत डोळ्यांनी? पळाली! निमकहराम जात!"

हैबतीला बोलायचं होतं, पण त्याची नजर चांदणीवरून हटेना. धर्मशाळेच्या कौलांवर पारव्यांचा थवा नेहमीच असे. प्रवाशांचे सांडलेले दाणे, खालच्या तेल्याच्या अंगणातली पेंड, यावर पोट भरणारे रानटी पारवे. त्यांच्याकडे कोण बघतं? पण चांदणी एका करड्या नराशेजारी जाऊन बसली होती, आणि त्या नराच्या डाव्या पायाचं एक बोट वाकडं होतं. हैबतीने ते बोट पिल्लूपणी स्वतः शेक देऊन जगवलं होतं. त्याच्या पलीकडे तांबड्या डोळ्यांची जोडी. त्यांच्या वर, आढ्याजवळ, मोडक्या पिसाचं ते उशीर करणारं पोर. हाडं वर आलेली, पिसं मळलेली. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, शेटच्या गच्चीकडे.

"बाबा," हैबती कसाबसा म्हणाला, "ती सगळी इथेच आहेत."

मग तो उठला आणि त्याचा सगळा संताप बाहेर आला. "आली होती, शेट! तुमची सगळी पाखरं आली होती! समोर बसलीत, डोळे असतील तर बघा! पळाली म्हणे! भर पेठेत ठग म्हणालात या म्हाताऱ्याला, आणि तुमची पाखरं तुमच्या दारासमोर उपाशी बसलीत, तुमच्याकडे बघत! लाज वाटत नाही?"

पेढीच्या मालकाला असं कुणी कधी बोललं नव्हतं. दिवाणजींच्या हातून जाळी गळून पडली. शेट कठड्याशी गेले, बराच वेळ समोर बघत राहिले. मग म्हणाले, पण आवाजातला जोर गेला होता, "इथेच आहेत, तर आत का येत नाहीत? घर कळत नाही त्यांना?"

बाबा जागचे न उठता बोलले. "घर कळतं, म्हणून तर समोर बसलीत. शेट, घर ओळखायला आम्ही पाखराला शिकवत नाही. ते ज्ञान त्याला उपजत असतं. आम्ही शिकवतो ते एवढंच, की दारातून आत गेलं की आपलं बरं होतं. हैबती इथे होता तोवर आत दाणा होता, पाणी होतं, आणि चिठ्ठीची कुणाला घाई नव्हती. तो गेल्यावर आत गेलं की मान धरणारा हात होता. दमलं-भागलं पाखरू ससाण्याला चुकवत तुमच्या ओढीने येतं, आणि तुम्ही त्याला दारातच धरता. काय आणलंस, दाखव. उशीर का झाला, सांग. पाखरू एकदा सोसतं, दोनदा सोसतं. मग ते समोर जाऊन बसतं. लांब जात नाही, कारण दुसरं घर त्याला नाही. आत येत नाही, कारण आत तुम्ही आहात. पेठेत चूक माझी म्हणालो, ती हीच. पाखरांना घरी यायला शिकवलं आणि घराला काही न शिकवता निघून आलो."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सुभाना रिकामी पाटी घेऊन नदीवरून परतला होता आणि त्याच्या मागोमाग, कधी नव्हे त्या, शेटाणीबाई वर आल्या होत्या. बाबांचं बोलणं दोघांनीही जिन्यात उभं राहून ऐकलं होतं. सुभानाने पाटी खाली ठेवली. तो एकदा शेटकडे बघे, एकदा जमिनीकडे.

"मालक," तो म्हणाला, "सांगू नको म्हणाल्यात, पण आता ऱ्हावत न्हाई. वेणूताई उतारावर नावाड्याच्या घरी हाईत. चार-पाच रोज झालं. याच्या आधी बी दोनदा आल्या हुत्या. नदीकाठी बसत्यात, आपल्या माडीकडं बघत्यात, आन् जात्यात माघारी."

शेटाणीबाईंनी जिन्याचं दार धरलं. "ऐकलंत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. साऱ्या जन्मात त्या त्यांच्याशी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. "ज्या छपरावरून पहिल्यांदा आभाळ बघितलं तेच घर, असं हे बाबा म्हणाल्याचं तुम्हीच घरी येऊन सांगितलं होतंत ना? तुम्ही पोरीला दुसऱ्या घरी दिलीत, तरी ती इकडेच आली. तीनतीनदा आली. आणि माझी वेणू परक्याच्या कौलांवर बसली हो, तुमच्या तोंडाच्या भीतीने!"

"नावाड्याच्या घरी?" शेटचा चेहरा लाल झाला. जुनी सवय, ती काय एका भाषणाने जाते! "माझी मुलगी नावाड्याच्या घरी? लोक काय म्हणतील! सुभाना, चल ऊठ, आत्ताच्या आत्ता तिला घेऊन ये! म्हणावं, बापाने बोलावलंय. सासर सोडून का आलीस त्याचा जबाब..."

"शेट," बाबा म्हणाले, "हात पुन्हा बाहेर आला."

शेटचा हात खरोखरच समोर आला होता, पाची बोटं ताणलेली. त्यांनी त्या हाताकडे बघितलं. मग तो हळूच मागे घेतला आणि धोतराच्या सोग्याला पुसला, काही लागलं असावं तसा.

शेटाणीबाई सुभानाला म्हणाल्या, "तू जा. वेणूला एवढंच सांग, की आई भाकऱ्या थापतेय. ये म्हणू नकोस, काही विचारू नकोस. एवढंच सांग." मग त्यांनी कोपऱ्यातली करवंटी उचलली, मूठभर ज्वारी घातली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "आणि तुम्ही बसा इथे. पाखरं तुमच्यावर रुसलीत, तुम्हीच बोलवा."

जाळी आणि काठी खाली गेली, दिवाणजीही गेले. शेट ढाबळीशेजारी मांडी घालून बसले. करवंटी खुळखुळवायला त्यांना आधी लाज वाटत होती. पहिली हाक तर घशातच अडकली. हैबती दात खाऊन कोपऱ्यात बसला होता. त्याला वाटत होतं, या माणसाच्या हाकेला पाखरांनी येऊच नये, जन्मभर येऊ नये. मग त्याला मोडक्या पिसाचं पोर दिसलं, हाडं वर आलेलं, आणि त्याने दात सोडले. तो हळूच म्हणाला, "असं नाही शेट. 'आss' लांब ओढा, आणि त्यांच्याकडे बघू नका."

शेटने हाक लांब ओढली. ऊन उतरलं. चांदणी सर्वांत आधी आली, कठड्यावर बसून मान वाकडी करून बघत राहिली. कुणी हललं नाही. तिने काड्या ढकलल्या आणि ती आत गेली. तिच्या पायाला सुभानाने दोरा बांधला होता. शेटची बोटं सवयीने वळवळली, त्यांनी ती मांडीखाली दाबून धरली. मग वाकड्या बोटाचा नर आला, मग ती जोडी, मग बाकीची, एकेक करून, प्रत्येक वेळी कठड्यावर थांबून. मोडक्या पिसाचं पोर आज उशिरा आलं नाही, मधेच कुठेतरी आलं आणि दुसऱ्याच्या दाण्यावर जाऊन बसलं.

दिवेलागणीला सगळे खाली ओटीवर आले. वाड्याचं मोठं दार सताड उघडं होतं. आतून भाकरीचा वास येत होता. आणि रस्त्याच्या पलीकडे, धर्मशाळेच्या भिंतीला धरून, वेणू उभी होती. किती वेळची उभी होती, देव जाणे. हातात तेच गाठोडं.

तिने रस्ता ओलांडला. उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. शेट दारात होते. त्यांचं तोंड उघडलं. हैबतीने मुठी आवळल्या. ते 'एकटीच' आता बाहेर पडणार, 'किती दिवस' बाहेर पडणार, आणि पोरगी पुन्हा म्हणणार, सहज आले होते!

शेट दारातून बाजूला झाले. कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतः उचलला, आणि ज्या माणसाने जन्मात कुणाच्या पायावर पाणी घातलं नव्हतं, त्याने लेकीच्या पायावर ते ओतलं. निम्मं ओटीवर सांडलं. "भाकरी गरम आहे," ते म्हणाले. "जा, आई वाट बघतेय."

वेणू आत गेली. जेवताना तिच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग आईने पाहिला, बापाने पाहिला. कुणी काही विचारलं नाही. सांगायचं ते तिनेच सांगितलं, दुसऱ्या सकाळी, आईबरोबर ताक घुसळताना, सासरी काय चाललं होतं ते सगळं. हैबतीला हे पुढे सुभानाकडून कळलं. शेटने त्यानंतर गाडी जोडली नाही. सासरची माणसं आली तेव्हा त्यांच्याशी बोलायला मात्र शेटने आपलं ते जुनं, दारातलं तोंड काढलं, आणि त्या दिवशी ते तोंड पहिल्यांदा योग्य कामी आलं. पेठेत त्यांनी बाबांची माफी काही मागितली नाही. तेवढं मोठं मन एका दिवसात कुठून यायचं? पण टेकडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पाखरं परतली त्या संध्याकाळी हैबती आणि बाबा टेकडी चढत होते. अर्ध्या वाटेवर त्याने विचारलं, "बाबा, तुम्हाला वेणूताईचं आधीपासून ठाऊक होतं?"

"नाही रे. मला फक्त दाराचं ठाऊक होतं."

आणखी थोडं चढल्यावर हैबती म्हणाला, "आणि मी टोपली फेकली ती? इतकं वाट्टेल ते बोललो मी तुम्हाला. तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत."

बाबा दम घ्यायला थांबले. खाली पेठेत दिवे लागले होते. "जेवायला आलास ना तू?" ते म्हणाले. "मग झालं तर."

हैबती वाटेच्या कडेला वाकला आणि गवतात हात घालून, कालचे राहिलेले ज्वारीचे दाणे चाचपत वेचू लागला.

आणि तुम्ही, जे आता मान डोलावता आहात, तेवढ्यावर थांबू नका. घरी गेलात की एकदा समोरच्या कौलांकडे बघा, तुमचं कोणी तिथे बसलंय का.